तेरा बाल्कन्या

९ ऑगस्ट

प्रिय वन्सं,

(ही हाक तुला आवडत नाही हे ठाऊक आहे. चाळीस वर्षं झाली, आता तरी सवय कर.)

कॉन्व्हेंट शाळेतला एक शुक्रवार आठवतो का बघ. प्रयोगशाळेतल्या लांब मोरीपाशी आपण दोघी परीक्षानळ्या धूत होतो. शिक्षा नव्हती, आपली पाळी होती. तुझ्या हातात ब्रश, माझ्या हातात फडकं. खिडकीत सिस्टरांची एकुलती एक घटपर्णी, उन्हात तांबड्या शिरा दाखवत उभी. एक माशी काठावर आली, गोड रस चाटत चाटत आत वाकली आणि घसरली. मग बराच वेळ आतून भुणभुण येत राहिली. तुझे डोळे भरून आले आणि मी म्हणाले, बरं झालं. सिस्टर मागेच उभ्या होत्या. त्यांनी तुला रुमाल दिला आणि मला कुंडीला पाणी घालायचं काम दिलं. पावसाचं पाणी, नळाचं नाही. पुढे तू कोर्टात कारकून झालीस, जन्मभर लोकांची गाऱ्हाणी लिहून घेतलीस. मी त्याच प्रयोगशाळेत तीस वर्षं बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या. आणि वर मला माझ्याच वर्गमैत्रिणीचा भाऊ नवरा म्हणून मिळाला, म्हणजे तू नणंद झालीस. असो.

आज पत्र लिहायचं कारण म्हणजे गच्ची. माझ्या अकरा कुंड्या तुला माहीत आहेत. उभ्या सुरयांसारखे घट, वर झाकण, बुडाखाली पाण्याची परात. ही दलदलीतली झाडं, पाय सदा ओले हवेत आणि डोक्यावर दिवसभर ऊन हवं. गच्चीवर दोन्ही मिळतं. पावसाचं पाणी साठवायला एक पिंप ठेवलंय. काल आमच्या सोसायटीच्या चेअरमननी दारावर नोटीस डकवली, की साठलेल्या पाण्यामुळे डास होतात, सर्व कुंड्या, पराती व पिंप महिन्याभरात हलवावे, नाहीतर सोसायटी विल्हेवाट लावील. चेअरमन म्हणजे पहिल्या मजल्यावरचे निवृत्त दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांचे दात उपटले, आता माझी झाडं उपटायला निघालेत.

मी खाली जाऊन शांतपणे सांगितलं, पाणी काढलं तर आठवड्यात मरतील. ते म्हणाले, मग घरात न्या. माझी बाल्कनी उत्तरेकडची, वर्षभरात उन्हाची तिरीपही येत नाही. तेही सांगितलं. ते हसून म्हणाले, "बाई, झाडंच तर आहेत."

मी म्हटलं, मी हलवणार नाही. इतकंच म्हटलं आणि जिना चढून वर आले.

तुझी,
वहिनी

२० ऑगस्ट

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. मुद्देसूद उत्तर देते, सवय जात नाही.

एक, नोटिशीवर सही कोणाची आहे, आणि ती सभेत ठरली आहे की चेअरमनच्या मनात आली म्हणून चिकटवली आहे? सभेत ठरली नसेल तर तो नुसता कागद आहे. लेखी विचार आणि पोच घे.

दोन, आपण दोघी अडुसष्टच्या आहोत. पाण्याने भरलेल्या बादल्या घेऊन तीन जिने चढायचं हे वय नाही. अकराच्या दोन कर, त्या खिडकीत ठेव, आणि सुखाने राहा. दादा असता तर हेच म्हणाला असता. तो म्हणाला असता आणि तू ऐकलं नसतंस, तेही मला माहीत आहे.

तीन. तुझं अक्षर. सिस्टरांच्या हाताखाली वाढलेलं अक्षर, ओळ सोडून कधी केसभर हललं नाही. या वेळी सगळ्या ओळी उताराला लागल्या आहेत आणि मधेच शाई बदलली आहे. हाताला काय झालं आहे?

माशीच्या बाजूने मी आजही आहे.

तुझी,
नणंद (वन्सं नव्हे)

६ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

तुझा पहिला मुद्दा लाख मोलाचा. मी लेखी विचारलं, पोच मागितली. चेअरमननी पोच देताना पेन असं धरलं होतं की जणू माझीच दाढ काढताहेत. नोटीस सभेतली नव्हती. आता सभा ऑक्टोबरात होईल, तोवर कुंड्यांना कुणी हात लावायचा नाही.

अक्षर वयाचं आहे, दुसरं काही नाही.

पण एक गोष्ट झाली, ती तुलाच सांगते. परवा पिंपाचं झाकण काढलं आणि सवयीने आत वाकून पाहिलं. डासांच्या अळ्या होत्या. वळवळत होत्या, डोकं खाली, शेपटी वर. मी तशीच उकिडवी बसून राहिले. म्हणजे चेअरमन खरं बोलत होते, निदान त्या एका पिंपापुरतं.

त्याच दिवशी पिंपाच्या तोंडावर बारीक जाळी ताणून बांधली. पराती आता दर चौथ्या दिवशी पार रिकाम्या करून अर्धा दिवस सुकवते. कुंडीतली पीटची भुसभुशीत माती आणि वाळू ओली राहते, झाडाला तेवढं पुरतं. अळीला डास व्हायला आठवडा तरी लागतो, चार दिवसांत तिचं काही होत नाही. इतकी साधी गोष्ट मी आधीच करायला हवी होती. तीस वर्षं मुलींना शिकवणाऱ्या बाईंच्या शेजारी उभी राहिले, आणि स्वतःचं पिंप तपासलं नाही.

मग मनात आलं, की एकच नमुना घेऊन निष्कर्ष काढायचा नसतो. म्हणून ड्रॉपर आणि जुन्या बरण्या घेऊन सगळी इमारत फिरले. पार्किंगमधले टायर. पंपाच्या खोलीतला खड्डा. आणि चेअरमनच्या दाराबाहेर ते शोभेचं दगडी कुंड आहे ना, ज्यात प्लास्टिकची कमळं तरंगतात, ते. प्रत्येक बरणीत स्पिरिट घातलं, बूच लावलं, चिठ्ठी लावली. जागा, तारीख, अळ्यांची संख्या. पहिली बरणी माझ्याच पिंपाची, संख्या चौदा. कुंडातली संख्या आत्ता सांगत नाही, सभेत सांगेन.

झाडं छान आहेत. घटांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या आहेत, काही मान टाकताहेत.

तुझी,
वहिनी

२ ऑक्टोबर, मुलाच्या घरून

प्रिय वन्सं,

हे पत्र मी सांगतेय आणि सूनबाई लिहितेय, कारण माझा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. ते तुला माहीतच आहे. तूच फितूर झालीस.

तुझ्या भाच्याला फोन करून तू म्हणालीस, तुझ्या आईचं अक्षर बघ. तो आला, माझा बाही ओढलेला हात पाहिला आणि सरळ एक्स-रेला घेऊन गेला. होय, जुलैत गच्चीच्या शेवटच्या पायरीवर बादलीसकट पडले होते. हाड वाकडं जुळत होतं. ते पुन्हा मोडून, तार घालून सरळ केलं. डॉक्टरांनी विचारलं, दोन महिने सहन कसं केलंत? मी म्हटलं, कॉन्व्हेंटमध्ये शिकले.

(आईंनी हे वाक्य डॉक्टरांनाही ऐकवलं आणि नर्सलाही. – सून)

तुझ्यावर रागावले आहे, पण त्याचं कारण हात नाही. तुझ्या फोनपायी मी इथे अडकले तेव्हा पोराने झाडांना पाणी घालायचं कबूल केलं. घातलंही, न चुकता. पण घातलं नळाचं, आणि वर खताचं टॉनिक, दर तीन दिवसांनी एक बूच. या झाडांना खत म्हणजे विष गं. ती निकस चिखलातली, म्हणून तर माश्या पकडून पोट भरतात. मुळाशी खत पडलं की मुळं जळतात. परवा त्याने मला दाखवायला गाडीतून दोन कुंड्या आणल्या, दोन्हींचे मातीतले गड्डे सडून मऊ झाले होते. मी हाताने दाबून पाहिले. बाकी नऊंचं काय ते माहीत नाही.

तो दारात उभा होता, चाळिशीला टेकलेला बाप्या, आणि शाळेत निकाल लपवायचा तेव्हा जसा उभा राहायचा तसा. त्याला कोणी सांगितलं खत घाल म्हणून, तेही सांगेना.

सभा वीस तारखेला आहे. हे दोघं म्हणताहेत, नको जाऊस, इथेच राहा, कायमची राहा, दक्षिणेची खोली देतो. खोली चांगली आहे. सून तर त्याहून चांगली आहे.

(हे मी माझ्या मनाचं लिहिलेलं नाही. – सून)

पण मी सभेला जाणार आहे.

तुझी,
वहिनी

९ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

गुन्हा कबूल आहे. दोन्ही.

फोन मी केला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. त्याबद्दल माफी नाही.

खत मात्र माझ्यामुळे पडलं. तू लिहिलं होतंस, कडा तपकिरी झाल्या, मान टाकताहेत. मला वाटलं, हात दुखतोय म्हणून तुझ्याकडून झाडांची आबाळ होतेय, उपाशी आहेत बिचारी, आणि तू मला सांगत नाहीयेस, जसा हात सांगितला नाहीस. म्हणून मी भाच्याला म्हटलं, आईला न कळवता जरा ताकदीचं काही घाल, तेवढीच ती खूश होईल. तो मला आत्या म्हणून वाचवतोय. त्याला वाचवायची जबाबदारी माझी.

नंतर वाचनालयात जाऊन पुस्तक काढलं. थंडी जवळ आली की ही झाडं आपणहून वाळतात, झोपतात आणि पुन्हा येतात, असं त्यात लिहिलंय. तुला ते इतकं सवयीचं की लिहायचं सुचलं नाही, आणि मला इतकं नवीन की विचारायचं सुचलं नाही.

सभेसाठी एवढंच सांगते. खरं बोल, थोडं बोल, आणि जो ठराव होईल त्याची नक्कल त्याच दिवशी माग. जिंकलीस तरी माग, हरलीस तरी माग.

तुझी,
नणंद

२४ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

डाव्या हाताने लिहितेय. हळू जमतंय, पण मध्ये कुणाच्या कंसातल्या टिपा नकोत.

नऊ कुंड्या जिवंत आहेत. सूनबाईने पोराला गच्चीवर नेऊन सगळ्या कुंड्यांतलं पाणी तीन वेळा बदलायला लावलं, पावसाच्या पाण्याने धुतल्यासारख्या केल्या. तुझ्या कबुलीचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, आत्याने उगाच सांगितलं. मग बराच वेळ कुंड्यांपाशीच रेंगाळला.

सभा पार्किंगमध्ये झाली. बरण्या पोरानेच खाली नेल्या, दुधाच्या क्रेटमधून. मी टेबलावर ओळीने मांडल्या आणि चिठ्ठ्या वाचल्या. आधी माझी, चौदा. लगेच कुजबुज झाली, बघा, स्वतःच कबूल करताहेत. मग टायर, एकतीस. खड्डा, बावीस. मग कमळांचं कुंड, सत्त्याऐंशी. चेअरमननी बरणी उचलून उजेडात धरली. बराच वेळ धरली. दातांचे डॉक्टर, त्यांना बारीक पाहायची सवय. खोटं आहे असं ते म्हणाले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते.

त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. तुमची ही झाडं किडे खातात ना, मग डास खातात का?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोरगा मागून पुटपुटला, आई, हो म्हण. दुसऱ्या मजल्यावरची शिंपीणबाईही मान हलवत होती, म्हणा हो म्हणून. एका शब्दाचा प्रश्न होता गं. हो म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या आणि माझ्या कुंड्या सोसायटीच्या लाडक्या झाल्या असत्या.

मी म्हटलं, "नाही. माश्या, मुंग्या, गांधीलमाश्या खातात. डास चुकून एखादा. डास माझी जाळी थांबवते, झाडं नाही."

नऊ विरुद्ध सात. हरले. मार्चमध्ये गच्चीला गळतीचं काम काढणार म्हणे, तोवर मुदत, फेब्रुवारीची अठ्ठावीस. टायर दुसऱ्या दिवशी गेले. कमळांचं कुंडही रिकामं होऊन पालथं पडलंय.

जिन्यात पोरगा म्हणाला, एक शब्द बोलायचा होता आई. मी म्हटलं, सत्त्याऐंशी अळ्या मोजताना एकही वाढवली नाही, मग त्यांच्या तोंडावर झाडांची बढाई कशी मारू? तो पुन्हा म्हणाला, आता तरी आमच्याकडे चल. मी घरी परतले आहे. स्वतःच्या घरी.

ठरावाची नक्कल सोबत आहे. चेअरमन म्हणाले, हरल्यावर कशाला हवी? मी म्हटलं, माझ्या नणंदेला वाचायची हौस आहे.

तुझी,
वहिनी

२ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नक्कल चार वेळा वाचली. चष्मा पुसून पाचव्यांदा वाचली.

"सामायिक गच्चीवर पाणी साठवणाऱ्या कुंड्या ठेवण्यास मनाई." सामायिक गच्ची. बस्स. कोणाच्या खासगी बाल्कनीबद्दल यात अवाक्षर नाही. तुझी बाल्कनी उत्तरेची आहे, मान्य. पण इमारतीला आणखी तीन बाजू आहेत, आणि सात जणांनी तुझ्या बाजूने हात वर केले होते. त्यांतली एक तू. उरलेल्या सहांच्या बाल्कन्या कुठल्या बाजूला आहेत, ते आधी बघ. मग नऊ जणांतल्या कुणाचं मन खात असेल, तेही बघ.

आणि मला हे कळव, की एका गड्ड्याचे किती होतात?

तुझी,
नणंद

१४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

एका गड्ड्याचे दोन होतात, म्हातारा असेल तर तीन. पण ते थंडी सरता सरता करायचं, झाड जागं व्हायच्या आधी. म्हणून इतके दिवस गप्प होते.

मधल्या काळात मी दारोदार फिरले. अशी फिरले की जणू मत मागायला निघाले होते. तू म्हणालीस ते सहा जण तर झालेच. त्यांनी आणखी सहा जण आणले. आणि एका दुपारी चेअरमनच्या बायकोने माझी बेल वाजवली. तिने त्या दिवशी नवऱ्याच्या शेजारी बसून माझ्याविरुद्ध हात वर केला होता. पाच मिनिटं हवापाण्याचं बोलली, आणि मग म्हणाली, आमची बाल्कनी पश्चिमेची आहे, चालेल का हो? मी विचारलं, यांना चालेल का? ती म्हणाली, "बाल्कनीत कपडे मी वाळत घालते, ते नाही."

गेल्या रविवारी मी आणि सूनबाईने गच्चीवर सगळे गड्डे काढले. माझ्या हातात जोर नाही, पण कुठे कापायचं ते मी दाखवायचे आणि ती कापायची. तेरा घरं, आणि वर आपली माणसं. तेवढ्या कुंड्या तयार आहेत. मनगटातली तार काढायची तारीख नेमकी बावीस आली आहे. वाटप मी बरी होईपर्यंत पुढे ढकलता आलं असतं, पण मग ठरावाची मुदत उलटली असती, आणि हरले तरी मुदत पाळली नाही असं मला कुणाकडून ऐकायचं नाही. तेव्हा तू एकवीसला ये. मी हॉस्पिटलात असेन, तेव्हा तू आणि पोराने वाटप उरकायचं. किल्ली शिंपीणबाईकडे आहे.

गच्ची अठ्ठावीसला नव्हे, चोवीसलाच रिकामी झाली पाहिजे. झाडून घे. ओल्या परातीचा एक डागही राहू देऊ नकोस.

आता कुणाला काय ते नीट वाच. प्रत्येक कुंडीवर मी चिठ्ठी लावली आहे, पण तुझा भाचा चिठ्ठ्या वाचत नाही.

सगळ्यात उंच, पांढऱ्या टोपीची, ती शिंपीणबाईला. वाऱ्याने आडवी पडते, तिला काठीचा आधार द्यायला सांग. बुटकी, जमिनीवर पसरणारी, ती दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सला. ती बाई कधी घरी असते, कधी नसते. हे झाड दुर्लक्ष सहन करतं. तिसऱ्या मजल्यावर ते सतत भांडणारं जोडपं आहे, त्यांना एकच कुंडी द्यायची. दोन मागतील, देऊ नकोस. पाणी कोणी घालायचं यावरून भांडू देत, निदान कोणीतरी घालेल. बसच्या ड्रायव्हरला तांबड्या शिरांची. आणि जाळीसकट पिंप त्याच्याच बाल्कनीत, तिथे पागोळीचं पाणी थेट पडतं. सगळ्यांनी पाणी त्याच्याकडून न्यायचं. त्याला विचारलंय, तो म्हणाला, रोज साठ लोकांना वेळेवर पोचवतो, पाण्याचं काय.

उरलेल्या आठ घरांच्या कुंड्या चिठ्ठीप्रमाणे. चेअरमनच्या बायकोला गर्द लाल. त्यांना नाही, तिला, तिच्या हातात. चेअरमननी दार उघडलं तर नमस्कार कर आणि ती घरी आहे का विचार.

पोराला एक. त्याच्या हातून दोन गेल्या, म्हणून ही त्यालाच. दक्षिणेच्या खोलीत नाही, खिडकीबाहेरच्या कठड्यावर. तो म्हणेल थंडीत आत घेतो. नाही म्हणून सांग. सूनबाईला वेगळी, तिच्या नावाची. तिच्या हातात दुसऱ्याच्या झाडाचा भार नको.

तुला पिवळी. परसात ठेव. माशीच्या बाजूने असशील तर तिच्याकडे पाहू नकोस, पण परात ओली ठेव. दर चौथ्या दिवशी परात सुकवायची, हे प्रत्येक दारात म्हणायचं, आणि खत नाही हेही. नळाचं पाणी नाही हे तर मोठ्याने म्हण.

माझ्या बाल्कनीत काही ठेवू नकोस. एक छोटी ठेवते म्हणशील, मी ओळखते तुला. बिनउन्हात ती जगणार नाही, आणि मला ती मरताना पाहायची नाही. समोरच्या बसथांब्यावर बाकडं आहे, तिथून तिन्ही बाजू दिसत नसल्या तरी दोन दिसतात. तेवढ्या पुरेत.

आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात लांब पात्याची कात्री आहे. वाळलेले घट दर फेब्रुवारीत बुडाशी छाटावे लागतात, आणि ते या तेरा घरांत कोणालाच येत नाही. ती कुणाला द्यायची नाही. शिंपीणबाई मागेल, गोड बोलून मागेल. तिला सांग, दर वर्षी कात्रीसकट मी येईन. तेरा दारांची बेल मीच वाजवणार आहे. कात्री माझ्या उशाशी ठेव.

तुझी,
वहिनी